माझ्या बाबांवरचा लेख दुसऱ्याच्या नावाने फिरतोय. काय करता येईल?

मोरपंखी

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते. आज लिहिते आहे, कारण तीन रात्री नीट झोप लागलेली नाही आणि घरात विषय काढला की "सोडून दे गं, नेटवर असंच चालायचं" एवढंच ऐकू येतं.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. बत्तीस वर्षं. ते गेल्यावर वर्षश्राद्धाच्या सुमारास मी त्यांच्यावर लेख लिहिला आणि माझ्या फेसबुक भिंतीवर टाकला. त्याला आता दोन वर्षं झाली. लेखात फार मोठं काही नव्हतं. तिकिटांची पत्र्याची पेटी, तिच्यावर पंच टिकटिकवत गाडीत पुढेमागे फिरणारे बाबा, सुट्ट्या पैशांनी काळी झालेली त्यांची बोटं, मुक्कामी गाडीवर जाताना आई फडक्यात बांधून द्यायची ती भाकरी. आणि पैशांची चामडी बॅग. तिला आम्ही भावंडं 'खुळखुळी' म्हणायचो. बाबा जिना चढायला लागले की आधी ती ऐकू यायची, मग ते दिसायचे.

गेल्या आठवड्यात मावशीने आईला व्हॉट्सअ‍ॅपवर एक लेख पाठवला. वर लिहिलेलं, "बघ ताई, अगदी आपल्या भाऊजींसारखं आहे." आई फेसबुकवर नाही. तिने चष्मा लावून सगळं वाचलं आणि मला फोन केला. म्हणाली, "ह्या माणसाला खुळखुळी कशी माहीत?"

लेख अक्षरन् अक्षर माझा होता. फक्त सांगली आगाराचं सोलापूर झालं होतं, 'बाबा'चे 'अण्णा' झाले होते आणि खाली एका गृहस्थांचं नाव, मोबाइल नंबर आणि 'आवडल्यास नावासकट शेअर करा'. शोधलं तर अकरा ठिकाणी सापडला. एका मोठ्या पेजवर तर कुठल्या तरी जुन्या लाल डब्याचा फोटो लावून टाकलाय. खाली शेकडो लोक त्या गृहस्थांना "सर, डोळे पाणावले" म्हणताहेत. मी तिथे "हा लेख माझा आहे" असं लिहिलं. दहा मिनिटांत माझी प्रतिक्रिया गेली आणि मला ते पेज दिसेनासं झालं. दुसरीकडे लोकांनी विचारलं, पुरावा काय?

मला पैसे नकोत. माझे वडील मला परत हवेत. कुठून सुरुवात करू?

घाटवाट

सविस्तर लिहायचंय, तोवर रुमाल टाकून ठेवतो. पण एक आत्ताच सांगतो: आता कुठेही प्रतिक्रिया देऊ नका. बाकीच्या दहा ठिकाणी तर अजिबात नको.

सांजवात

मोरपंखी, वाचून गलबलून आलं. 'खुळखुळी' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला, आणि आता तो तुझ्या बाबांशिवाय दुसऱ्या कुणाचा वाटणार नाही. ज्याने सांगलीचं सोलापूर केलं, त्याला नेमका हाच शब्द बदलायचं सुचलं नाही. उसनं घेताना कुठला धागा घट्ट विणलेला आहे ते कळत नाही ना.

घाटवाट

आलो. मी गडकिल्ल्यांचे फोटो काढतो. गेली आठ वर्षं हे भोगतोय, म्हणून अनुभवाचं सांगतो.

पहिली पायरी भांडणाची नाही, पुराव्याची. बहुतेकजण उलटं करतात. राग येतो, आपण खाली जाऊन लिहितो, समोरचा सावध होतो, आपल्याला ब्लॉक करतो. पोस्ट जगाला दिसत राहते, फक्त आपल्याला दिसत नाही. मग तिची लिंकही हाताशी राहत नाही. तेव्हा आधी प्रत्येक पोस्टची स्वतंत्र लिंक उतरवून घ्या. पेजची नव्हे, त्या पोस्टचीच. तारखेवर टिचकी मारली की ती मिळते. पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, त्यात नाव, तारीख आणि मजकूर एकत्र दिसला पाहिजे. सार्वजनिक पान असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती तारखेसह जपणाऱ्या संकेतस्थळावर, साठवून ठेवायचा प्रयत्न करा. फेसबुकची पानं तिथे नेहमी नीट साठत नाहीत, ब्लॉगची साठतात. ब्लॉक झालेलं पेज घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्यावरून उघडा.

मग आपली बाजू. तुमच्या मूळ पोस्टला हात लावू नका. शुद्धलेखन सुधारायलासुद्धा नको. तिच्यावरची तारीख हाच तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे. लेख आधी वहीत लिहिला असेल, मेलवर कुणाला वाचायला पाठवला असेल, तर तेही शोधा.

माझा एक फोटो हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा आहे. पहाटे तीनला तंबूतून उठून, दोन तास धुकं हलायची वाट बघत काढलेला. सहली नेणाऱ्या एका कंपनीने माझं नाव कापून तो जाहिरातीत वापरला. नाव कोपऱ्यात होतं, कापायला दोन सेकंद लागतात. माझ्याकडे कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल होती आणि आधीच्या-नंतरच्या फ्रेम्स होत्या. चोराकडे एकच फोटो असतो, काढणाऱ्याकडे त्या पहाटेचे चाळीस असतात. मी शिव्या दिल्या नाहीत. त्यातल्या चार फ्रेम्स जोडून वापराचं बिल पाठवलं, पंधरा दिवसांची मुदत दिली. अकराव्या दिवशी पैसे आले. तेव्हापासून नाव फोटोच्या मधोमध, दगडाच्या पोतावर फिकट टाकतो. आणि फोटोच्या आत दडलेली माहिती, म्हणजे कॅमेरा, तारीख, नाव, तिच्यावर विसंबू नका. बहुतेक समाजमाध्यमं फोटो चढवताना ती पुसून टाकतात.

पेन्शनर_सातारा

ताई, राग मानू नका, पण मनातलं बोलतो. माझं वय ७४. रोज सकाळी फिरून आलो की चांगले लेख तीन गटांत पाठवतो. त्यात कुणाचं काही हिरावून घेतोय असं कधी वाटलं नाही. चांगला विचार चार घरी जावा एवढीच भावना. आमच्या आयांच्या जात्यावरच्या ओव्या कुणाच्या होत्या, कुणी विचारलं? एकदा जगासमोर ठेवलं की ते जगाचं झालं, असं मला वाटत आलंय.

सांजवात

काका, ओवी गाणाऱ्या बाईने ती माझीच म्हणून मिरवली नव्हती. खाली मोबाइल नंबर घातला नव्हता. फरक तेवढाच आहे, पण तो सगळा आहे.

अभंगवेडा

पेन्शनर काकांच्या ओवीवरून आठवलं. हे दुखणं सोशल मीडियाने आणलेलं नाही. सतराव्या शतकात तुकोबांनी हे भोगलंय. सालोमालो नावाचा एक कीर्तनकार तुकोबांचे अभंग घ्यायचा आणि 'तुका म्हणे' काढून तिथे स्वतःचं नाव घालायचा. तुकोबांनी त्याला थेट नावाने झोडपलंय. संतांची वचनं मोडून ही माणसं स्वतःला दागिने घडवतात, एकाचं ते आपलं म्हणतात, असं ते सांगतात. ज्या माणसाने देह, घर, दुकान कशाचीच मालकी मिरवली नाही, त्याला ही गोष्ट सोसली नाही. तेव्हा मोरपंखी, "एवढं काय त्यात" म्हणणाऱ्यांना गाथा वाचायला सांगा.

आणि नाममुद्रेचा विचार करा. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी'. लेखकाचं नाव शेवटच्या चरणात असायचं, पण ते मजकुराखाली सुटं लटकलेलं नसायचं. वृत्तात, चालीत बसवलेलं असायचं. काढलं तर मात्रा लंगडायची, म्हणून सालोमालोला त्या जागी काही तरी बसवावं लागलं. आपण नाव शेवटी वेगळ्या ओळीत टाकतो आणि ते पहिल्याच कॉपी-पेस्टला गळून पडतं. बोटाने मजकूर निवडताना शेवटची ओळ राहून जाते, एवढं साधं. नाव लेखाच्या पोटात घाला. "बाबा हाक मारायचे, अमुके, पाणी आण गं" अशा वाक्यात. ते काढायचं तर चोराला वाक्य नव्याने लिहावं लागतं.

मोरपंखी

अभंगवेडा, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर. बाबा मला नावाने हाक मारायचेच. मी संकोचून ते वाक्य काढलं होतं.

काळा_कोट

मी वकील आहे, पण हे सल्लापत्र समजू नये. नकाशा देते.

लेख लिहून झाला त्या क्षणी त्यावर हक्क तुझा झाला. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे आणि त्यात नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी असेल तर कोर्टात तो प्रथमदर्शनी पुरावा ठरतो एवढंच. "फेसबुकवर टाकलं म्हणजे सार्वजनिक झालं" हे चूक आहे. सार्वजनिक दिसणं वेगळं, सार्वजनिक मालकीचं होणं वेगळं. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन सर्वांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११च्या सुरुवातीपासून मोकळं झालं. तुझं होईल तेव्हा आपण कुणीच नसू.

तुझ्या दुखण्याला नेमकं लागू पडतं ते कलम ५७. त्यात लेखकाचे विशेष हक्क आहेत. आपल्या लेखनाचे कर्ते आपणच, हे सांगण्याचा हक्क, आणि आपली प्रतिष्ठा दुखावेल अशी त्याची मोडतोड रोखण्याचा हक्क. लेखनाचे सगळे हक्क विकून टाकले तरी हा तुझ्याकडेच राहतो. मन्नू भंडारी यांच्या कादंबरीवरच्या चित्रपटाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली हे कलम ठळकपणे मांडलं.

शिक्षेचं कलम ६३. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्याच्या फायद्यासाठी नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. तरीही एका लेखासाठी पोलीस ठाण्यात जाणं ही शेवटची पायरी.

पोस्ट उतरवण्यासाठी दोन वाटा. एक, त्या माध्यमाचा स्वतःचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म. तो १९९८च्या अमेरिकन कायद्याच्या चौकटीवर बेतलेला असतो, आणि रोजच्या व्यवहारात तोच लवकर चालतो. 'रिपोर्ट'मधले स्पॅम, खोटी माहिती वगैरे पर्याय दाबत बसू नकोस, ते वेगळ्या खात्यात जातात. दोन, आपल्या कायद्यातली लेखी तक्रार, कॉपीराइट नियम २०१३ मधला नियम ७५. तक्रार पोचल्यापासून ३६ तासांत त्यांनी मजकूर रोखायचा असतो. पण तुलाही हमी द्यावी लागते की २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणीन. आदेश आला नाही तर ते मजकूर पुन्हा दाखवू शकतात. म्हणून तुझ्यासाठी पहिली वाट.

फॉर्मला दाद मिळाली नाही तर २०२१च्या आयटी नियमांनुसार मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहायचं. २४ तासांत पोच मिळायला हवी. त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

भाजणी_आणि_बरंच

काळा कोट, मध्येच विचारते. माझ्या चकलीच्या भाजणीचं प्रमाण एका चॅनेलवाल्या बाईंनी जसंच्या तसं सांगितलं. तांदूळ, चणाडाळ, उडीदडाळ, अगदी धण्या-जिऱ्यापर्यंत. त्यावर काही करता येतं?

काळा_कोट

प्रमाणावर नाही. कल्पनेवर, पद्धतीवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद प्रकरणात हे स्पष्ट केलंय. वाट्यांचा हिशोब कुणाचाही होऊ शकतो. पण तू लिहिलेला परिच्छेद, "डाळ तांबूस झाली आणि घरभर वास सुटला की गॅस बंद" हे तुझ्या शब्दांतलं वाक्य, तुझा फोटो, हे उचललं असेल तर नक्की तक्रार कर. एसटी कंडक्टर वडिलांवर उद्या कुणीही लेख लिहू शकेल, आणि लिहावाच. मोरपंखीचे परिच्छेद उचलता येणार नाहीत.

कथा_आणि_मी

माझ्या कथा तीन चॅनेल्सनी वाचून टाकल्या होत्या. "श्रोत्यांनी पाठवलेली कथा" म्हणून. शेवटी माझं नावही टाकतात काही जण, आणि त्यांना वाटतं की आता परवानगीची गरज नाही. नाव देणं ही परवानगी नव्हे. ध्वनिमुद्रण करून पैसे कमवायला लेखकाची परवानगी लागतेच.

यूट्यूबवर तक्रार करणार असाल तर दोन गोष्टी जाणून करा. तक्रारदाराचं खरं नाव समोरच्याला कळतं. मी टोपणनावाने लिहायचे. एका कथेत घरातलंच काही होतं. तक्रार केली आणि माझं खरं नाव अशा माणसापर्यंत पोचलं, ज्याच्यापर्यंत ते पोचायला नको होतं. दुसरं, समोरचा प्रतितक्रार करू शकतो. मग आपण कोर्टात गेल्याचा पुरावा १० कामकाजाच्या दिवसांत दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. तशी प्रतितक्रार खोटी करणं त्यांनाही जोखमीचं असतं, म्हणून चोर सहसा तिथवर जात नाही. ९० दिवसांत तीन स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट उल्लंघनाचे ठपके, पडले की चॅनेलच बंद होऊ शकतं, आणि ती भीती खरी आहे. मी आधी मेल करते, दोन दिवस देते. तिघांतल्या दोघांनी मेलवरच उतरवलं. एकीने तर माफी मागून पुढची कथा मानधन देऊन घेतली. सगळे चोर नसतात. पुष्कळांना खरंच ठाऊक नसतं.

दुपारचा_चहा

याची उलटी बाजूही तितकीच वाईट. स्वतःचं लिहिलेलं चालत नाही म्हणून खाली पु. ल. देशपांडे असं टाकून सोडणारे. पु. ल. २००० साली गेले. व्हॉट्सअ‍ॅप आलं २००९ साली. तरी त्यांच्या नावावर मोबाइलच्या रेंजवरचे विनोद फिरतात. त्या माणसाने एकेक वाक्य किती घासून लिहिलं असेल, आणि आजच्या पंधरा वर्षांच्या पोराला पु. ल. म्हणजे ते ढकलपत्र वाटतं. मला याचा फार त्रास होतो. लेखकाचं लेखन चोरणं आणि लेखकाच्या नावावर परकं लेखन लादणं, दोन्हींत जाते ती त्याची ओळखच.

घाटवाट

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. तिथे मूळ पाठवणारा शोधता येत नाही, निरोप कुलूपबंद असतात. २०१८ साली भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आली. २०२० साली, खूप फिरलेले निरोप एका वेळी एकाच ठिकाणी, असं झालं. दुहेरी बाण दिसतो तोच. पण कॉपी करून नव्याने चिकटवलं की बाणही जातो आणि मर्यादाही. म्हणून तिथे पाठलाग करण्यात शक्ती घालवू नका. सार्वजनिक पानं उतरवा. लोक शोधतात तेव्हा ती सापडतात, आणि पुढची चोरी तिथूनच होते.

पेन्शनर_सातारा

काल रात्री वाचल्यावर फोनमध्ये शोधलं. 'कंडक्टर' शब्द टाकला. ताई, तुमचा लेख माझ्याकडे दोनदा आलेला आहे. एकदा पावणेदोन वर्षांपूर्वी पुतणीने पाठवलेला, खाली तुमचं नाव आहे, सांगली आहे, बाबा आहेत. दुसऱ्यांदा या महिन्यात सकाळच्या गटात, अण्णांचा, सोलापूरचा. मी दोन्ही वाचले होते आणि दुसरा पुढेही पाठवला. आधी वाचलाय हेही लक्षात आलं नाही. जो मजकूर मी इतका चांगला म्हणून वाटत होतो, तो मी वाचलाच नव्हता म्हणायचा.

पुतणीने पाठवलेल्याचा तारखेसह स्क्रीनशॉट तुम्हाला निरोपातून पाठवला आहे, उपयोगी पडेल. तिन्ही गटांत मूळ लेख तुमच्या नावासह पुन्हा टाकला आणि वर लिहिलं की आधीचा चुकीच्या नावाने गेला, तो पुसावा. एका गृहस्थांनी विचारलं, काय फरक पडतो? मी त्यांना फोन केला. अर्धा तास बोललो.

मोरपंखी

काका, स्क्रीनशॉट मिळाला. काय लिहू कळत नाही. आईला वाचून दाखवलं.

नऊ दिवसांनी कुठवर आलंय ते सांगते. घाटवाटांनी सांगितल्याप्रमाणे सगळ्या लिंका वहीत उतरवल्या, भाच्याच्या खात्यावरून ते मोठं पेज उघडलं. सगळ्यांना एकच निरोप पाठवला. चार ओळी, मूळ पोस्टची लिंक, काकांचा स्क्रीनशॉट, तीन दिवसांची मुदत. शिवी नाही, विनवणीही नाही. त्या गृहस्थांना धरून अकरापैकी पाच जणांनी उतरवलं. त्यातल्या दोघांनी माझ्या मूळ पोस्टची लिंक शेअर केली. मोठ्या पेजने उत्तर दिलं नाही, तिथे फॉर्म भरला, आणि चौथ्या दिवशी पोस्ट गेली.

ते गृहस्थ बोलले. नंबर होताच, मीच फोन केला. आधी म्हणाले, मला असाच आला, नाव नव्हतं. मी विचारलं, मग सांगलीचं सोलापूर कुणी केलं? बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, खुळखुळी म्हणजे काय हो? त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं होतं तो एसटीतला काही तांत्रिक शब्द असेल. मी सांगितलं. बॅग, जिना, सगळं. संध्याकाळी त्यांच्या भिंतीवरून लेख गेला. माफीची पोस्ट टाका म्हटलं होतं, ती अजून टाकलेली नाही. काळा कोट, त्यासाठी आठवडाभर थांबते, मग तुमच्याशी बोलते.

मूळ लेखाला हात लावलेला नाही. पण वेगळ्या पोस्टमध्ये तो नव्याने लिहिला. बाबा मला नावाने हाक मारतात ते वाक्य आता दुसऱ्या परिच्छेदात, मधोमध आहे.

सांजवात

आणि मावशी?

मोरपंखी

आईनेच तिला लिहिलं. तिला टाइप करायला वेळ लागतो, एकेक अक्षर शोधते. "हे आपल्याच ह्यांचं आहे. पोरीने लिहिलंय. खुळखुळी वाच."

भाजणी_आणि_बरंच

वाखूसा (वाचनखूण साठवली). फॉर्ममध्ये सगळ्या लिंका एकत्र द्यायच्या की प्रत्येकीसाठी वेगळा भरायचा?

मोरपंखी

एकाच माध्यमावरच्या असतील तर एका फॉर्ममध्ये अनेक देता येतात, पण प्रत्येक पोस्टची लिंक स्वतंत्र लिहायची. माझ्या अजून पाच राहिल्यात. आज रात्री बसते.